ठेंगणी केलेली गाडी व तिचीं चाकें

गेल्या महिन्यांतल्या टपालांत एका जुन्या वर्गणीदार भगिनींचें पत्र होतें. त्यांचा नातू अमेरिकेंत नोकरीस असून त्यानें तेथें एक जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घेतली आहे. गाडी दोघांपुरती. घरांत माणसें एकोणीस आणि गाडींत जागा दोन, हा कोणता संसार, असें त्या भगिनी विचारतात. या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नाहीं. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र या सदरांत घेण्याजोगा आहे. चिरंजीवांनीं गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आंखूड स्प्रिंगा बसविल्या. त्यामुळें गाडीचें अंग सुमारें साडेचार सेंटिमीटर खालीं आलें. दिसावयास ती ऐटदार झाली. परंतु तेव्हांपासून सरळ रस्त्यावरहि स्टिअरिंग डावीकडे वळवून धरावें लागतें, आणि पांच महिन्यांपूर्वीं घेतलेल्या टायरांच्या आंतल्या कडा झिजून पोलादी तारा उघड्या पडल्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास ते टायर नवेच दिसत होते. एकांत खिळा शिरला म्हणून चाक काढलें, तेव्हां हा प्रकार उघडकीस आला. ‘गाडी विकून टाक’ असें घरांतील वडील मंडळींचें म्हणणें. ‘अलाइनमेंट करून घेतली कीं झालें’ असें नातवाचें. कोणाचें ऐकावें?

त्या खिळ्याचे उपकार मोठे आहेत, हें प्रथम सांगितलें पाहिजे. तारा उघड्या पडलेला टायर भर वेगांत केव्हां फुटेल याचा नेम नसतो, आणि अमेरिकेंतील हमरस्त्यावर तासाला शंभर किलोमीटरांनीं जात असतां पुढचें चाक फुटणें हें काय प्रकरण आहे, तें विस्तारानें लिहून त्या घरची झोंप मी उडवीत नाहीं. ते टायर टाकून द्यावेत. चाकें पुढें कितीहि सरळ केलीं, तरी गेलेला टायर परत येत नाहीं. गाडी विकण्याचें कारण मात्र मला दिसत नाहीं. आणि ‘अलाइनमेंट केली कीं झालें’ हेंहि अर्धेंच खरें आहे. कसें तें पाहूं.

पत्रांत गाडीचें नांव मियाटा असें दिलें आहे. जपानांतील माझदा कंपनीनें १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत ही गाडी प्रथम मांडली. अमेरिकेंत ती मियाटा, इतरत्र एमएक्स-५ आणि खुद्द जपानांत त्या वेळीं युनोस रोडस्टर, अशीं एकीचींच तीन नांवें. या वंशांतील दहा लाखावी गाडी २०१६ च्या एप्रिलांत तयार झाली, यावरून तिची लोकप्रियता दिसून येईल. तिच्या रचनाकारांचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनीं ‘जिन्बा इत्ताई’ हें सूत्र आपल्यापुढें ठेवलें होतें. स्वार आणि घोडा यांचें एकशरीर, असा त्याचा अर्थ. चिरंजीवांची गाडी १९८९ ते १९९७ या काळांतील पहिल्या अवताराची आहे, असें वर्णनावरून दिसतें, आणि ही गोष्ट त्यांच्या भाग्याची आहे. कारण या गाडीच्या चारहि चाकांचे कल बदलतां यावेत अशी सोय कारखान्यानेंच करून ठेवली आहे. पुष्कळ गाड्यांत ती नसते.

आतां चाकाचे कल म्हणजे काय, तें आधीं समजून घेतलें पाहिजे. गाडीच्या समोर उभें राहून एका चाकाकडे पाहा. चाकाचा माथा आंत, एंजिनाच्या बाजूस, कलला असेल तर त्यास ऋण कॅम्बर म्हणतात. बाहेर कलला असेल तर धन कॅम्बर. जुन्या काळच्या मोटारींचीं चाकें वरच्या अंगास बाहेर झुकलेलीं असत. आज तीं बहुधा किंचित् आंत झुकलेलीं असतात, कारण वळणावर गाडीचें अंग बाहेर कलूं लागलें म्हणजे आधींच आंत कललेलें बाहेरचें चाक सरळ होऊन रस्त्यावर सबंध टेकतें.

दुसरा कोन टो. गाडी अंगणांत उभी आहे आणि आपण माडीवरून तिच्याकडे पाहत आहों, अशी कल्पना करा. आंत पाउलें टाकून चालणाऱ्या माणसाप्रमाणें दोन्ही चाकांचीं पुढचीं टोकें एकमेकांकडे वळलीं असतील तर टो-इन, फांकलीं असतील तर टो-आउट. पायाच्या बोटावरूनच हें नांव पडलें आहे. तिसरा कोन कॅस्टर. सायकलीचा पुढचा दांडा उभा नसून मागें कललेला असतो हें आपण नित्य पाहतों. त्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक जेथें टेकतें त्याच्या पुढें जमिनीस मिळते. म्हणून चाक तिच्यामागें ओढलें जातें आणि हात सोडला तरी सरळ चालूं पाहतें. दवाखान्यांतील खाटेचीं छोटीं चाकें ढकलतांना आपोआप मागें फिरतात, त्यांतहि हेंच तत्त्व आहे. मोटारींतहि पुढच्या चाकाचा फिरण्याचा अक्ष असाच मागें कललेला असतो.

हे कोन अंशांत मोजतात आणि अंशाचे साठ भाग करतात. मापाच्या कागदावर जें ‘मिनिट’ म्हणून छापलेलें असतें, ती आपल्या पंचांगांतली कलाच होय. ज्यांना ग्रहांचे अंश आणि कला वाचण्याची संवय आहे, अशा आजोबांना नातवाच्या गाडीचा कागद वाचणें मुळींच जड जाऊं नये.

गाडी खालीं आणली म्हणजे हे कोन कां बदलतात? मियाटाचें प्रत्येक चाक वर-खालीं दोन बाहूंनीं अंगाशीं जोडलेलें आहे. त्या बाहूंस इंग्रजींत विशबोन म्हणतात. त्या नांवाचा उगम कोंबडीच्या हाडांत असल्यामुळें आपण त्यांना बेचकीं म्हणूं. बेचक्याचीं दोन टोकें गाडीच्या सांगाड्याशीं बिजागरीनें बसविलेलीं, तिसरें चाकाच्या खुंटाशीं. वरचें बेचकें आंखूड, खालचें लांब. गाडीचें अंग खालीं येणें म्हणजे अंगाच्या मानानें चाक वर जाणें. त्या वेळीं दोन्ही बेचक्यांचीं बाहेरचीं टोकें वर्तुळाच्या कंसांत वर जातात; आंखूड बेचक्याचा कंस लहान, म्हणून त्याचें टोंक आंत अधिक खेंचलें जातें. चाकाचा माथा आंत येतो. ऋण कॅम्बर वाढतो.

किती वाढतो, याचें एक उदाहरण करून पाहूं. आंकडे केवळ हिशेबासाठीं घेतलेले आहेत, मियाटाचे नव्हेत. वरचें बेचकें २०० मिलिमीटर, खालचें ३००, दोन्ही आरंभीं आडवीं, आणि त्यांच्या टोंकांमधील उभें अंतर २५० मिलिमीटर, असें समजा. चाक ३० मिलिमीटर वर गेलें तर पायथागोरसच्या सिद्धान्तानें वरचें टोंक सुमारें २.२६ आणि खालचें १.५० मिलिमीटर आंत येतें. अंतर पाऊण मिलिमीटर. कोन सुमारें १० कला. आतां चाक ६० मिलिमीटर वर न्या. वरचें टोंक ९.२१ आणि खालचें ६.०६ मिलिमीटर आंत येतें. अंतर सव्वातीन मिलिमीटरांच्या जवळ, आणि कोन ४३ कला. म्हणजे गाडी दुप्पट खालीं आणली, तर कोन दुप्पट न होतां चौपटीहून अधिक झाला. प्रत्यक्ष गाडींत बेचकीं मुळांतच तिरपीं असल्यामुळें आंकडे निराळे येतात, पण ही वाढ चढत्या दरानें होते, हें ध्यानांत ठेवावें. एक इंच खालीं आणलेली गाडी आणि दोन इंच खालीं आणलेली गाडी यांत एकाच इंचाचें अंतर आहे, असें तरुण मंडळींस वाटतें. तें तसें नाहीं.

टो कां बदलतो, तें याहून सोपें आहे. स्टिअरिंगची आडवी कांडी, जिला टाय-रॉड म्हणतात, तीहि आपल्या कंसांत वर जाते. तिचा कंस बेचक्यांच्या कंसाशीं सर्वस्वीं जुळला नाहीं, कीं ती चाकाला थोडें ढकलते किंवा ओढते. कोणत्या गाडींत चाक आंत वळेल आणि कोणत्या गाडींत बाहेर, हें त्या त्या रचनेवर अवलंबून आहे. वळतें मात्र नक्की.

आतां टायर कोणी खाल्ला? लोक कॅम्बरला दोष देतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु मुख्य अपराधी टो आहे. मियाटाच्या मूळ टायराचा व्यास सुमारें ५७८ मिलिमीटर. समजा, एक चाक त्या व्यासावर केवळ तीन मिलिमीटर तिरकें आहे. आपल्याकडील सुतार-गवंडी इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. म्हणजे तिरकेपणा एका सुताहूनहि कमी. तरी पण गाडी एक किलोमीटर पुढें गेली कीं तें चाक सुमारें पांच मीटर आडवें फरफटलें, असा हिशेब येतो. हजार किलोमीटरांत पांच किलोमीटर! टायर गोल फिरण्यासाठीं केलेला असतो, सहाणेवर चंदनाचें खोड धरावें तसा घांसण्यासाठीं नव्हे. त्यांत ऋण कॅम्बरमुळें भार आंतल्या कडेवर पडलेला, आणि चाकें बाहेर फांकलेलीं, असा योग जुळला म्हणजे आंतली कड कांहीं महिन्यांतच संपते. चिरंजीवांच्या गाडींत हेंच घडलें असावें.

हें सरळ कसें करावें, याचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि चुका होतात त्या बहुतेक क्रमांतच होतात.

मापाला हात घालण्यापूर्वीं सांधे पाहावेत. पहिल्या अवताराची सर्वांत धाकटी गाडीसुद्धां आतां पंचविशी ओलांडून गेली आहे. बेचक्यांच्या बिजागऱ्यांतील रबरी बुश, बॉल जॉइंट, टाय-रॉडचीं टोकें, चाकाच्या बेअरिंगा, यांत खेळ असेल तर आज घेतलेलें माप उद्यां टिकणार नाहीं. डगमगत्या पाटावर बसून कित्ता गिरविण्यासारखेंच तें होईल. रबरी बुशांसंबंधानें आणखी एक गोष्ट आहे, आणि ती घाईचे कारागीर हटकून विसरतात. हें रबर आंतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटलेलें असतें. बेचकें हालतें तें रबराला पीळ देऊनच. बोल्ट जुन्या उंचीवर आवळलेले ठेवून गाडी खालीं आणली, तर तें रबर रात्रंदिवस पिळलेलेंच राहतें. म्हणून नव्या स्प्रिंगा बसविल्यानंतर गाडी तिच्या चाकांवर उभी करून हे बोल्ट ढिले करावयाचे, गाडीला दोन-चार वेळां दाबून नव्या उंचीवर बसूं द्यावयाची, आणि मग आवळावयाचे.

त्यानंतर उंची. ती जमिनीपासून न मोजतां चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या काठापर्यंत उभी मोजावी, म्हणजे टायरांतील हवा आणि झीज हिशेबांतून जाते. डावी-उजवी बाजू जुळली पाहिजे. टायरांत हवा ठरल्याप्रमाणें, टांकी निम्मी, आणि चालकाच्या जागेवर चालकाच्या वजनाइतकीं तांदळाचीं किंवा वाळूचीं पोतीं. दोन माणसांच्या हलक्या गाडींत एका माणसाचें वजन लहान नव्हे. त्यानें कोन हालतात. उंची जुळेपर्यंत कोनाला हात लावावयाचा नाहीं, कारण उंची बदलली कीं सगळे कोन बदलतात.

मग मागचीं चाकें आधीं आणि पुढचीं नंतर. हें पुष्कळांस उलटें वाटेल. पण गाडी कोणत्या दिशेनें जाऊं पाहते, हें मागचीं चाकें ठरवितात. तीं दोन्ही मिळून किंचित् उजवीकडे पाहत असतील, तर गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालते, आणि ती सरळ ठेवण्यासाठीं चालकाला स्टिअरिंग एका अंगास वळवून धरावें लागतें. चिरंजीवांची तक्रार नेमकी हीच आहे. केवळ पुढचीं चाकें जुळवून देणाऱ्या दुकानांतून ती कधींहि दूर होणार नाहीं.

मियाटाच्या खालच्या बेचक्यांच्या आंतल्या टोकांशीं, पुढें चार आणि मागें चार, असे आठ विशेष बोल्ट आहेत. त्यांच्या टोंकाशीं एक चकती असते आणि तिचें भोंक मध्यावर नसून एका अंगास असतें. चकती फिरविली कीं बिजागरीच आंत किंवा बाहेर सरकते. पुढच्या बेचक्याचे दोन्ही बोल्ट सारखे फिरविले तर कॅम्बर बदलतो, एकमेकांच्या उलट फिरविले तर कॅस्टर. मागच्या बेचक्यांत त्याच युक्तीनें कॅम्बर आणि टो साधतात. पुढचा टो टाय-रॉडच्या आट्यांनीं. येथेंहि क्रम आहे: आधीं कॅस्टर आणि कॅम्बर, आणि सर्वांच्या शेवटीं टो. कारण बेचकें सरकविलें कीं टो बिघडतो. टो फिरविल्यानें कॅम्बर बहुधा बिघडत नाहीं. बर्फाच्या मुलखांत रस्त्यावर मीठ टाकतात. तेथील जुन्या गाड्यांत हे बोल्ट आपल्या नळ्यांत गंजून असे बसलेले असतात, कीं करवतीनेंच कापावे लागतात. तो खर्च आधींच धरून चालावें.

यंत्र नसेल तर हें मोजतां येतें का? येतें. कॅम्बर ओळंब्यानें. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या बाहेरून ओळंबा सोडावा आणि त्या दोरीपासून लोखंडी कड्याच्या वरच्या व खालच्या काठाचें अंतर मोजावें. टायर खालीं फुगलेला असतो, म्हणून माप कड्यावरच घ्यावें. मियाटाच्या १४ इंची कड्यावर साडेसहा मिलिमीटरांचा फरक म्हणजे सुमारें एक अंश. टोसाठीं गाडीच्या दोन्ही बाजूंस, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, दोन दोऱ्या ताणाव्यात, आणि त्या एकमेकींशीं व गाडीच्या मध्यरेषेशीं समांतर आहेत याची पुनःपुन्हां खात्री करावी. या गाडीच्या मागच्या चाकांमधील अंतर पुढच्याहून किंचित् अधिक आहे, म्हणून दोरीपासून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांचीं अंतरें सारखीं येणार नाहींत. डावी-उजवी मात्र सारखीं आलीं पाहिजेत. मग प्रत्येक कड्याच्या पुढच्या व मागच्या काठापासून दोरीपर्यंतचें अंतर पोलादी पट्टीनें घ्यावें. चाकांखालीं ग्रीस लावलेल्या दोन-दोन गुळगुळीत पत्र्यांची जोडी ठेवावी, म्हणजे चाक मोकळेपणानें सरकतें. नाहीं तर जॅकवरून उतरविलेली गाडी टायरांच्या चिकटपणामुळें खरी बसत नाहीं आणि माप खोटें येतें. कॅस्टर सरळ मोजतां येत नाहीं. चाक वीस अंश एका बाजूस आणि वीस अंश दुसऱ्या बाजूस वळवून दोन्ही वेळचा कॅम्बर घ्यावा. त्यांतील फरकाची दीडपट म्हणजे कॅस्टर. भूमितीच्या ज्या विद्यार्थ्याला ही दीडपट कोठून आली हें शोधावयाचें असेल, त्यानें वीस अंशांची ज्या काढून पाहावी.

एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं जाऊं नये. पक्के स्टँड लावून, गाडी हालवून पाहून, मगच हात घालावा.

कोन किती ठेवावेत? नेहमींच्या रस्त्यावर फिरणाऱ्या, थोड्याशा ठेंगण्या केलेल्या मियाटाला पुढें सुमारें एक अंश ऋण कॅम्बर, मागें त्याहून अर्धा अंश अधिक. कॅस्टर पांच अंशांच्या आसपास, दोन्ही बाजूंस सारखा. पुढें टो शून्य किंवा दोन्ही चाकें मिळून अर्धें सूत आंत. मागें अर्धें ते एक सूत आंत. डाव्या-उजव्या कॅम्बरांत पंधरा-वीस कलांहून अधिक फरक नसावा, नाहीं तर गाडी एका अंगास ओढते. मागच्या चाकांसंबंधानें मी विशेष आग्रह धरतों. तीं बाहेर फांकलेलीं राहिलीं, तर वळणावर पाय एकदम उचलतांच किंवा ब्रेक लावतांच गाडीचें शेपूट बाहेर पडूं पाहतें. ओल्या रस्त्यावर तें सांवरणें कुशल चालकालाहि कठीण. टायर झिजला तर पैसे जातात. येथें प्रश्न जिवाचा आहे.

बोल्ट सबंध फिरवूनहि मागच्या चाकांचा ऋण कॅम्बर अडीच अंशांच्या खालीं येत नसेल, तर गाडी फार खालीं बसली आहे, असा त्याचा सरळ अर्थ. आणि ‘अलाइनमेंट केली कीं झालें’ हें अर्धसत्य कां, तें येथें दिसून येतें. उभ्या गाडीचे कोन जुळविले तरी चालत्या गाडीचे कोन बदलतच असतात. टाय-रॉड आणि बेचकीं यांचे कंस जेथें जुळत नाहींत अशा जागीं गाडी आणून ठेवली, तर प्रत्येक खळग्यावर चाक आपण होऊन वळेल. उभ्यानें घेतलेल्या मापावर त्याचा इलाज नाहीं. दुसरें असें कीं, पहिल्या अवताराच्या मियाटांत चाकाला वर जावयास मुळांतच जागा थोडी आहे. ती स्प्रिंग आंखूड करून खाऊन टाकली, कीं शॉक अॅब्सॉर्बरवरील रबरी ठोकळ्यावर गाडी आदळूं लागते; वळणाच्या मध्यावर असें झालें म्हणजे चाकाची पकड एकाएकीं सुटते. ज्या एकशरीरपणासाठीं हिराई आणि त्यांच्या मंडळींनीं गाडी घडविली, तो मडगार्डाखालची दोन बोटें जागा भरून काढण्याच्या हौसेपायीं जावा, हें मला तरी पटत नाहीं. माझें मत असें, कीं चिरंजीवांनीं साडेचारऐवजीं अडीच सेंटिमीटरांवर समाधान मानावें आणि तशा स्प्रिंगा घ्याव्यात.

ज्या घरीं दुसऱ्या जातीच्या गाड्या आहेत त्यांच्यासाठीं दोन शब्द. आजच्या बहुसंख्य घरगुती गाड्यांत पुढच्या चाकाला वरचें बेचकें नसतेंच. शॉक अॅब्सॉर्बरचा खांबच तें काम करतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन एंजिनियराच्या नांवानें ही रचना ओळखली जाते, आणि १९५० पासून फोर्डच्या इंग्लंडांतील गाड्यांवर ती आल्यानंतर तिचा प्रसार झाला. अशा पुष्कळ गाड्यांत पुढचा टो तेवढा बदलतां येतो, कॅम्बर नाहीं. त्यासाठीं विषम चकतीचे बोल्ट किंवा खांबाच्या माथ्याशीं सरकत्या पट्ट्या निराळ्या घ्याव्या लागतात. शिवाय यांत गाडी फार खालीं आणली तर खालचा बाहू बाहेरच्या अंगास वर चढलेला राहतो, आणि गाडीचें अंग ज्या बिंदूभोंवतीं कलतें तो बिंदु गुरुत्वमध्यापेक्षां अधिक वेगानें खालीं जातो. गुरुत्वमध्य खालीं आणून कल कमी करावा म्हणून हा खटाटोप, आणि दोहोंमधील अंतर वाढून कलण्याची ओढच वाढावी, असा उलटा प्रकार घडतो.

आपल्या देशांतील तरुणांनीं तर आधीं कायदा पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ रचनेशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत हेंच बजावून सांगितलें आहे. जर्मनींत अशा स्प्रिंगा मान्यताप्राप्त असाव्या लागतात, आणि बसविल्यानंतर तपासणीचाहि नियम आहे. परदेशांत असणाऱ्यांनीं विमा कंपनीला फेरफार कळविला आहे ना, हें जरूर पाहावें; तो लपविला तर अपघाताच्या वेळीं विमा हात वर करतो. आणि आपले गतिरोधक ठेंगण्या गाडीचें पोट कसें खरवडतात, हें कायद्यानें सांगावयास नको.

दुकानासंबंधानें शेवटचें. हल्लीं चाकांना आरसेवजा पट्ट्या लावून कॅमेऱ्यानें कोन मोजणारीं यंत्रें सर्वत्र आहेत. तालुक्याच्या गांवींहि तीं दिसतात. यंत्र उत्तम. परंतु पडद्यावर हिरवा रंग दिसला कीं काम झालें, असें समजणारा माणूस त्याच्यामागें बसलेला असेल, तर यंत्र काय करील? हिरवा रंग म्हणजे कारखान्याच्या मोकळ्या मर्यादेच्या आंत, एवढेंच. आणि ती मर्यादा मूळ उंचीच्या गाडीसाठीं आखलेली असते. पुष्कळ ठिकाणीं पुढचा टो तेवढा फिरवून गाडी हातीं देतात, कारण तें काम दहा मिनिटांचें आहे. गंजलेले आठ बोल्ट सोडविणें हें अर्ध्या दिवसाचें. म्हणून दुकानांत शिरतांनाच आपले आंकडे कागदावर लिहून न्यावेत, चारहि चाकांचें काम करावयाचें आहे असें स्पष्ट सांगावें, आणि कामापूर्वींचा व कामानंतरचा असे दोन छापील कागद मागून घ्यावेत. देण्यास कां-कूं करणाऱ्या दुकानांतून गाडी परत आणावी.

नवे टायर मापाच्या आधीं बसवावेत. झिजून तिरपा झालेला टायर स्वतःच गाडीला ओढतो आणि कारागिराला फसवितो. काम झाल्यावर आठहि चकत्यांवर आणि त्यांच्या शेजारच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक-एक रेघ मारून ठेवावी. चकती सरकली तर रेघ तुटलेली दिसते. दीडशें किलोमीटर चालल्यावर नट पुन्हां ठरलेल्या जोरानें आवळून पाहावेत. नव्या स्प्रिंगा पहिल्या कांहीं आठवड्यांत आणखी थोड्या बसतात, म्हणून महिना-दीड महिन्यानें एकदां माप पुन्हां घ्यावें. आणि दर पंधरा दिवसांनीं स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरांच्या आंतल्या कडेवर, व बॅटरी घेऊन वांकून मागच्या टायरांच्या आंतल्या कडेवर, तळहात फिरवावा. हाताला करवतीच्या दात्यांसारखें कांहीं लागलें, तर टो पुन्हां बिघडला आहे.